सौर ऊर्जा आणि वीज पारेषण : ग्रामीण तरुणांपुढील नवी कार्यक्षेत्रे

(तालुक्याच्या ठिकाणी भरलेल्या शिक्षक, ग्रामपंचायत सदस्य व क्षेत्रीय अधिकारी यांच्या मेळाव्यात जिल्हा माहिती कार्यालयातील माहिती अधिकाऱ्यांनी दिलेल्या व्याख्यानाचा हा मजकूर.)



सौर ऊर्जा आणि वीज पारेषण या क्षेत्रांतील रोजगाराच्या संधींविषयी मी बोलावे, असे आजच्या मेळाव्याच्या संयोजकांनी सुचविले. मी अभियंता नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि गेली वीस वर्षे माहिती खात्यात नोकरी करीत आहे. शासनाच्या योजना लोकांपर्यंत आणि लोकांचे म्हणणे शासनापर्यंत पोचविणे हे माझे काम. त्यामुळे यंत्रांच्या अंतरंगाविषयी मी अधिकारवाणीने काही सांगू शकणार नाही. परंतु या कामाच्या निमित्ताने जी गावे पाहिली, जी माणसे भेटली आणि जे प्रश्न कानी आले, त्यांच्या आधारे काही विचार आपणांपुढे ठेवण्याचा प्रयत्न करतो.

गेल्या वर्षीची गोष्ट आहे. एका गावाच्या गायरानावर सौर प्रकल्प उभा राहिला होता आणि त्याच्या उद्घाटनाचे वृत्त घेण्यासाठी मी तेथे गेलो होतो. समारंभ आटोपला, पाहुणे गेले, मांडवाचे कापड उतरू लागले. कुंपणाच्या जाळीला हात लावून एक वृद्ध गृहस्थ आत पाहत उभे होते. मी जवळ गेलो, तसे ते म्हणाले, “साहेब, इथं आमची गुरं चरायची. गावानं जागा दिली, बरं केलं. दिवसा पाणी धरता येईल, रात्रीचं इचूकाट्याचं भ्या जाईल. पण माझा नातू आयटीआय करून घरी बसलाय. या प्लेटा पंचवीस वर्षं इथं राहणार म्हणत्यात. तेवढ्या वर्षांत त्याच्या हाताला काही काम निघंल का?”

“चौकशी करून सांगतो,” असे उत्तर मी दिले. आपण सारे सरकारी माणसे आहोत. या उत्तराचा अर्थ आपणांस ठाऊक आहे. परंतु त्या वेळी मला स्वतःलाच ते उत्तर लागले. नंतर मी खरोखरच चौकशी केली. आजचे हे भाषण म्हणजे त्या चौकशीचा अहवाल आहे, असे समजण्यास हरकत नाही.

सूर्याची वीज गावापर्यंत आली

महाराष्ट्राला सौर वीज आता नवलाईची राहिलेली नाही. धुळे जिल्ह्यात साक्री तालुक्यातील शिवाजीनगर येथे महानिर्मिती कंपनीचा १२५ मेगावॅट क्षमतेचा सौर प्रकल्प २०१३ मध्ये कार्यान्वित झाला. त्या वेळी देशातील मोठ्या सौर प्रकल्पांत त्याची गणना होत असे. तेव्हा ही वीज महाग होती. पुढे तिचा दर झपाट्याने उतरत गेला. राजस्थानातील भडला येथील प्रकल्पासाठी २०१७ मध्ये झालेल्या लिलावात हा दर युनिटला २ रुपये ४४ पैशांपर्यंत खाली आला. जानेवारी २०२५ मध्ये देशाच्या सौर वीजनिर्मितीच्या क्षमतेने एक लाख मेगावॅटचा टप्पा ओलांडला. कोळसा, तेल व वायू यांच्याखेरीज अन्य साधनांपासून २०३० पर्यंत पाच लाख मेगावॅट क्षमता निर्माण करण्याचे उद्दिष्ट देशाने समोर ठेवले आहे.

हे आकडे मोठे असले, तरी आपणांशी त्यांचा संबंध दूरचा नाही. शेतीला दिवसा वीज मिळावी या हेतूने राज्य शासनाने २०१७ मध्ये मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना सुरू केली आणि २०२३ मध्ये तिचा दुसरा टप्पा हाती घेतला. गावाजवळच्या उपकेंद्राच्या परिसरात सौर प्रकल्प उभारावयाचा आणि तेथील वीज त्याच उपकेंद्रावरील कृषी वाहिन्यांना पुरवावयाची, अशी ही योजना आहे. दुसऱ्या टप्प्यात खाजगी जमीन भाडेपट्ट्याने देणाऱ्यास हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार रुपये भाडे आणि त्यात दरवर्षी ३ टक्के वाढ अशी तरतूद करण्यात आली. या टप्प्यातील एकूण १९ मेगावॅट क्षमतेचे पहिले पाच प्रकल्प ऑक्टोबर २०२४ मध्ये राष्ट्राला अर्पण करण्यात आले. त्यांत वैजापूर तालुक्यातील धोंदलगावचा प्रकल्प होता. नांदेड, कोल्हापूर, अकोला आणि बुलढाणा या जिल्ह्यांतील गावेही होती.

याच्या जोडीला दोन योजना आहेत. ‘मागेल त्याला सौर कृषिपंप’ या योजनेत शेतकऱ्याने किंमतीच्या १० टक्के आणि अनुसूचित जाती-जमातींच्या शेतकऱ्याने ५ टक्के हिस्सा भरावयाचा असतो. केंद्र शासनाची ‘पीएम सूर्यघर’ योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. देशातील एक कोटी घरांच्या छतांवर सौर संच बसविण्याचे तिचे उद्दिष्ट असून तीन किलोवॅटच्या संचाला ७८ हजार रुपये अनुदान ठेवण्यात आले. सातारा जिल्ह्यातील पाटण तालुक्यात मान्याचीवाडी हे छोटेसे गाव आहे. तेथील सर्व घरे सौर विजेवर आली आणि २०२४ मध्ये राज्यातील पहिले सौरग्राम म्हणून त्या गावाचे नाव झाले.

थोडक्यात, वीज निर्माण करण्याचे काम आता गायरानावर, विहिरीच्या काठावर आणि घराच्या छतावर येऊन ठेपले आहे. पूर्वी वीज परळीत, कोराडीत, कोयनेत तयार होत असे आणि गावात फक्त दिवा लागत असे. आता वीज तयार करणारे यंत्रच गावात आहे. यंत्र आले की त्याची निगा राखणारा माणूस लागतो. रोजगाराच्या प्रश्नाला येथून आरंभ होतो.

वीज तयार होणे आणि वीज पोचणे

तथापि, वीज तयार झाली म्हणजे काम संपले, असे नाही. महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळाचे जून २००५ मध्ये विभाजन झाले, तेव्हा निर्मिती, पारेषण व वितरण यांसाठी महानिर्मिती, महापारेषण आणि महावितरण अशा तीन स्वतंत्र कंपन्या करण्यात आल्या. यांतील पहिली व तिसरी लोकांच्या परिचयाची आहे. कारण एकीचे धुराडे दिसते आणि दुसरीचे बिल येते. मधली महापारेषण मात्र डोंगरावरून, शेतांवरून, माणसांच्या नजरेआडून आपले काम करीत असते.

हे काम समजण्यासाठी एक सोपा हिशोब पुरेसा आहे. तारेतून जाणारा विद्युत प्रवाह जितका अधिक, तितकी तार तापते आणि वीज वाया जाते. हा तोटा प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून रोहित्राच्या साहाय्याने विजेचा दाब वाढवितात. दाब दहापट केला की तेवढीच वीज नेण्यास दहाव्या हिश्शाचा प्रवाह पुरतो आणि तोटा शंभराव्या हिश्शावर येतो. त्यासाठीच २२० आणि ४०० किलोव्होल्टच्या उच्चदाब वाहिन्या, ते उंच मनोरे आणि ती मोठी उपकेंद्रे उभारावी लागतात. चंद्रपूरहून ठाणे जिल्ह्यातील पडघ्यापर्यंत सुमारे ७५० किलोमीटर लांबीची ५०० किलोव्होल्टची एकदिश प्रवाहाची वाहिनी १९९९ मध्ये सुरू झाली. कोळसा विदर्भात आणि विजेची मोठी मागणी मुंबईच्या बाजूला, हे अंतर ही वाहिनी भागविते.

जे कोळशाच्या बाबतीत, तेच सूर्याच्या बाबतीत. सौर प्रकल्पांना लागणारे कोरडे, मोकळे माळ राजस्थानात आणि कच्छमध्ये विपुल आहेत; कारखाने व शहरे दूर आहेत. शिवाय सौर प्रकल्प वर्ष-दीड वर्षात उभा राहतो, मोठ्या वाहिनीला त्याहून पुष्कळ अधिक काळ लागतो. राजस्थानात अलीकडे तयार असलेली सौर वीज वाहिन्यांअभावी काही वेळा रोखून धरावी लागली, ती याच कारणाने. पिकलेला माल रस्ता नाही म्हणून शेतात पडून राहावा, तसाच हा प्रकार आहे.

वाहिन्यांचे जाळे किती मोलाचे आहे, याची जाणीव देशाला ३० व ३१ जुलै २०१२ रोजी झाली. दुसऱ्या दिवशी उत्तर, पूर्व आणि ईशान्य भारतातील वीज एकाच वेळी गेली आणि कोट्यवधी लोक अंधारात राहिले. त्यानंतर दीड वर्षाने, ३१ डिसेंबर २०१३ रोजी, रायचूर ते सोलापूर ही ७६५ किलोव्होल्टची वाहिनी सुरू झाली आणि दक्षिणेचे जाळे उर्वरित देशाच्या जाळ्याशी जोडले गेले. सारा भारत एका वारंवारतेवर आला, तो आपल्या सोलापूरच्या वाहिनीने, ही गोष्ट शिक्षकांनी मुलांना अवश्य सांगावी.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाने तयार केलेला व ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रसिद्ध झालेला पारेषणाचा राष्ट्रीय आराखडा २०२२-२३ ते २०३१-३२ या दहा वर्षांचा आहे. या काळात १ लाख ९१ हजार सर्किट किलोमीटरहून अधिक वाहिन्या उभारावयाच्या असून त्यासाठी ९ लाख १५ हजार कोटी रुपये खर्च अपेक्षित आहे. या आकड्यांच्या मागे किती मनोरे, किती उपकेंद्रे आणि किती माणसांचे काम आहे, याची कल्पना आपण करू शकता.

काम कोठे आहे आणि किती टिकते

आता मूळ प्रश्नाकडे येतो. सौर प्रकल्प आला की गावात शेकडो नोकऱ्या येतील, असे कोणी सांगत असेल, तर ते खरे नाही, हे प्रथमच स्पष्ट केले पाहिजे. एका मेगावॅटला साधारणतः चार ते पाच एकर जागा लागते. उभारणीच्या काही महिन्यांत जमीन सपाट करणे, खांब रोवणे, सांगाडे जोडणे, प्लेटा चढविणे या कामांना पुष्कळ हात लागतात. उभारणी संपली की ते हात मोकळे होतात. मागे उरतात ते राखणदार, प्लेटा धुणारे आणि एक-दोन तंत्रज्ञ. केवळ एका प्रकल्पाकडे पाहिले, तर त्या आजोबांना “फारसे काम नाही” असेच सांगावे लागले असते.

परंतु प्रकल्पाच्या कुंपणाबाहेर पाहिले म्हणजे चित्र बदलते. सौर पॅनेलचे आयुष्य पंचवीस वर्षांचे धरतात. शासकीय योजनांतील सौर पंप आणि छतावरील संच यांच्या दुरुस्तीची जबाबदारी पुरवठादारावर असते, ती पाच वर्षे. पाच वर्षांनी पुरवठादार मोकळा होतो. प्लेटा मात्र आणखी वीस वर्षे उन्हात उभ्या राहतात. या वीस वर्षांत इन्व्हर्टर बिघडणार, पंपाचा नियंत्रक बंद पडणार, जोड सैल होणार, उंदीर वायरी कुरतडणार, वादळात सांगाडे वाकणार. ही वीस वर्षे कोणाची, हा खरा प्रश्न आहे.

उदाहरणादाखल एक अंदाज मांडतो. समजा, एका तालुक्यात दोन हजार सौर पंप आणि छतांवरचे तीन हजार संच आहेत. प्रत्येक ठिकाणी तंत्रज्ञाला वर्षातून दोनदा जावे लागले, तर दहा हजार फेऱ्या होतात. एका माणसाकडून दिवसाला चार फेऱ्या झाल्या आणि वर्षातून अडीचशे दिवस काम झाले, तर दहा तंत्रज्ञांना वर्षभर पुरेल एवढे हे काम आहे. दहा हा आकडा कोणाला लहान वाटेल. परंतु ही दहा घरे पुण्या-मुंबईस न जाता आपल्याच तालुक्यात राहतील, आणि एक-दोन हंगाम नव्हे, तर वीस वर्षे. शिवाय संच वाढतील तसे काम वाढेल. त्यात ज्याला सुटे भाग विकण्याचे दुकान घालता येईल, तो आणखी दोघांना कामाला लावील.

पारेषणाचे क्षेत्र याहून विस्तृत आहे. वाहिनीच्या मार्गाची पाहणी करणारे भूमापक, पाया घालणारे, मनोरे उभारणारे आणि तारा ओढणारे कामगार, उपकेंद्रातील यंत्रचालक, वाहिनीवर पायी गस्त घालून फुटलेला इन्सुलेटर हेरणारे तंत्रज्ञ, रोहित्राच्या तेलाची व संरक्षक रिलेंची चाचणी घेणारे तज्ज्ञ, कळवा येथील राज्य भारप्रेषण केंद्रात बसून क्षणाक्षणाला मागणी व पुरवठा यांचा मेळ घालणारे अभियंते, अशी या कामाची लांब साखळी आहे. सौर वीज दुपारी भरपूर असते आणि दिवेलागणीला नाहीशी होते. त्या वेळी मेळ घालणे अधिक अवघड होते. म्हणूनच घाटघरसारख्या, पाणी वर चढवून ठेवणाऱ्या उदंचन प्रकल्पांचे आणि आता बॅटरी संचांचे महत्त्व वाढत आहे. तेथेही कुशल माणसे लागणार आहेत.

सरकारी कंपन्यांतील भरतीचे प्रमाण सांगतो. महावितरणने २०२३ च्या अखेरीस विद्युत सहाय्यकांच्या ५,३४७ जागांसाठी अर्ज मागविले. त्याच सुमारास महापारेषणने वरिष्ठ तंत्रज्ञ, तंत्रज्ञ व विद्युत सहाय्यक मिळून २,५४१ जागांची जाहिरात दिली. विद्युत सहाय्यकास पहिली तीन वर्षे ठरावीक मानधनावर काम करावे लागते आणि ते समाधानकारक ठरल्यास पुढे तंत्रज्ञ म्हणून नियमित नेमणूक मिळते. अशी भरती दरवर्षी होत नाही. पण जेव्हा होते, तेव्हा पात्रता हाती असलेल्यालाच तिचा लाभ मिळतो.

मनोरे उभारणाऱ्या टोळ्या मी अनेक ठिकाणी पाहिल्या. त्यांतील बहुतेक कामगार झारखंड व पश्चिम बंगालमधून आलेले होते. आपल्या तरुणांना डावलून त्यांना आणले, अशी तक्रार गावात ऐकू येते. वस्तुस्थिती अशी की, चाळीस मीटर उंचीवर सुरक्षापट्टा बांधून सांगाड्याचे कोन जोडण्याची विद्या त्यांनी पिढीने कमावली आहे. ती आपल्याकडे नाही. तक्रार करण्यापेक्षा ती विद्या शिकणे अधिक हिताचे ठरेल.

न शिकलेल्या हाताची किंमत

येथे एक दुःखद आठवण सांगणे मला आवश्यक वाटते. सात-आठ वर्षांपूर्वी मी दुसऱ्या एका जिल्ह्यात होतो. तेथील एका गावात विशीबाविशीचा एक मुलगा होता. शाळा नववीत सुटलेली. अंगात चपळाई होती, बघून बघून काम शिकला होता. डीपीवरचा फ्यूज उडाला, तार तुटली की लोक वायरमनची वाट पाहत नसत. त्यालाच हाक मारीत. तो कोणाला नाही म्हणत नसे. आपल्या गावोगाव अशा मुलांना ‘झिरो वायरमन’ म्हणतात, हे आपणांस ठाऊक आहे. एका पावसाळ्यात, रात्री, मोटार चालू व्हावी म्हणून लोकांनी त्याला बोलावले. पुरवठा बंद आहे, असे समजून त्याने हात घातला. तो बंद नव्हता.

दुसऱ्या दिवशी मी बातमी लिहावयास बसलो. मृताचा हुद्दा काय लिहावा, ते मला सुचेना. तो वीज कंपनीचा कर्मचारी नव्हता, ठेकेदाराचा माणूस नव्हता, शिकाऊ उमेदवारही नव्हता. कोणत्याही नोंदवहीत त्याचे नाव नव्हते. भरपाईच्या अर्जात ‘व्यवसाय’ या रकान्यापुढे त्याच्या वडिलांनी ‘शेतमजूर’ असे लिहिले. पाच वर्षे साऱ्या गावाचे दिवे ज्याने चालू ठेवले, त्याची ही नोंद.

सौर यंत्रांच्या बाबतीत तोच प्रकार पुन्हा घडू लागला आहे, म्हणून हे सांगितले. सौर वीज सौम्य असते, तिचा धक्का बसत नाही, अशी एक समजूत पसरली आहे. ती घातक आहे. पॅनेलवर ऊन आहे तोवर त्यात दाब असतो. खटका बंद केला म्हणून पॅनेल बंद होत नाही. अनेक पॅनेल एका माळेत जोडली की हा दाब शेकडो व्होल्टचा होतो. तो प्रवाह एकदिश असल्याने जोड उघडताना उडालेली ठिणगी सहजी विझत नाही. शिवाय छतावर काम म्हणजे पडण्याची भीती आलीच. ज्याने हे रीतसर शिकून घेतले आहे, त्याला यांत भय नाही. ज्याने नुसते पाहून उचलले आहे, त्याच्यासाठी ते फार मोठे आहे.

रोजगाराची संधी आणि अपघाताची शक्यता या दोन्ही एकाच वाटेने गावात येत आहेत. त्या दोहोंमध्ये फरक करणारी गोष्ट एकच, ती म्हणजे प्रशिक्षण.

शिक्षणाच्या वाटा

ही वाट दहावीनंतर सुरू होते. औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतील वीजतंत्री व तारतंत्री हे दोन वर्षांचे व्यवसाय या क्षेत्राचा पाया आहेत. सौर तंत्रज्ञ हा एक वर्षाचा स्वतंत्र व्यवसायही आहे. माझा अनुभव असा की, वीजतंत्री करून त्यावर सौर कामाचे अल्पमुदतीचे प्रशिक्षण घेणाऱ्यास दोन्ही दारे उघडी राहतात; केवळ सौर प्रशिक्षण घेतलेल्यास वीज कंपन्यांच्या भरतीत अडचण येऊ शकते. निवड करताना याचा विचार व्हावा.

संस्थेतून बाहेर पडल्यावर शिकाऊ उमेदवारी चुकवू नये. शिकाऊ उमेदवारांसंबंधीचा कायदा १९६१ चा आहे आणि वीज कंपन्या त्यान्वये उमेदवार घेतात. विद्यावेतन थोडे असले, तरी उपकेंद्रात काढलेले एक वर्ष पुढे दहा वर्षे उपयोगी पडते. त्यानंतर शासनाच्या अनुज्ञापक मंडळाकडून तारतंत्रीचा परवाना घ्यावा. अनुभव व परीक्षा यांच्या आधारे पुढे पर्यवेक्षकाचे प्रमाणपत्र आणि ठेकेदाराचा परवाना मिळविता येतो. ‘झिरो वायरमन’ आणि स्वतःच्या नावाची पाटी लावणारा परवानाधारक यांच्यातील अंतर एवढेच आहे.

सौर कामाच्या प्रशिक्षणासाठी केंद्र शासनाच्या नवीन व नवीकरणीय ऊर्जा मंत्रालयाने २०१५ मध्ये ‘सूर्यमित्र’ हा सुमारे ६०० तासांचा अभ्यासक्रम सुरू केला. गुरुग्रामजवळच्या राष्ट्रीय सौर ऊर्जा संस्थेकडे त्याचे समन्वयन देण्यात आले. वीज क्षेत्रासाठी राष्ट्रीय विद्युत प्रशिक्षण प्रतिष्ठानची संस्था नागपुरात आहे. चालू वाहिनीवर पुरवठा बंद न करता दुरुस्ती करण्याचे अवघड कौशल्य याच प्रतिष्ठानच्या बेंगळुरू येथील केंद्रात शिकविले जाते.

ज्यांची बुद्धी व परिस्थिती साथ देते, त्यांनी विद्युत अभियांत्रिकीच्या पदविकेकडे जावे. औद्योगिक प्रशिक्षण पूर्ण केलेल्यांना पदविकेच्या दुसऱ्या वर्षात थेट प्रवेशाची सोय आहे, ही गोष्ट अनेक पालकांना ठाऊक नसते. पदवीधर अभियंत्यांना महापारेषणमध्ये सहायक अभियंत्याची पदे असतात, आणि ‘पॉवरग्रिड’ ही केंद्र शासनाची पारेषण कंपनी ‘गेट’ परीक्षेच्या गुणांवर अभियंते निवडते. स्थापत्य, भूमापन, लेखा व संगणक यांचे शिक्षण घेतलेल्यांनाही या क्षेत्रात जागा आहे.

मुलींविषयी दोन शब्द वेगळे सांगतो. महावितरणमध्ये स्त्रिया तंत्रज्ञ म्हणून रुजू झाल्या आहेत आणि खांबावर चढून काम करीत आहेत. उपकेंद्रातील चाचणी, नियंत्रण आणि छतावरील संचांची देखभाल यांत तर स्त्री-पुरुष असा भेद करण्याचे काही कारण नाही. वीजतंत्रीच्या वर्गात मुलगी एकटी पडते म्हणून ती नाव काढून घेते. शिक्षकांनी एकाऐवजी दोघी-तिघींना मिळून पाठविले, तर हा प्रश्न बराचसा सुटेल.

आपले कर्तव्य

शिक्षक बंधुभगिनींना माझी विनंती आहे की, नववी-दहावीच्या वर्गाला वर्षातून एकदा जवळच्या उपकेंद्रात किंवा सौर प्रकल्पात रीतसर परवानगी काढून न्यावे. पुस्तकातील रोहित्र आणि गुणगुणणारे खरेखुरे रोहित्र यांत फरक असतो. एखाद्या मुलाचे आयुष्य त्या एका भेटीने वळण घेऊ शकेल.

पंचायत सदस्यांनी तीन गोष्टी कराव्यात. गावातील सौर पंप, छतावरील संच व त्यांची हमी संपण्याचे वर्ष यांची एक नोंदवही ठेवावी. कोणत्या वर्षी किती कामे गावात निघणार, हे त्यावरून आधीच कळेल. गावातील वीजतंत्री, तारतंत्री झालेल्या मुलामुलींची यादी त्याच वहीत असावी आणि प्रकल्प चालविणाऱ्या कंपनीशी बोलणी करताना ती पुढे ठेवावी. जागा देताना बोलून ठेवलेले मानले जाते. जागा दिल्यानंतर केलेली मागणी अर्ज होऊन पडून राहते. तिसरी गोष्ट अशी की, परवाना नसलेल्याला डीपीवर चढविणार नाही, असा ठराव ग्रामसभेत करावा आणि तो पाळावा.

अधिकारी वर्गाने, आणि त्यात मी स्वतःलाही धरतो, माहिती वेळेवर पोचविली पाहिजे. भरतीची जाहिरात मुदत संपल्यावर फलकावर लागते, हा आपला जुना दोष आहे. माहिती वेळेवर मिळाली नाही की ती जागा दलाल भरून काढतो. ‘सौर खात्यात नोकरीची हमी’ असे सांगून पैसे उकळणारे लोक फिरत आहेत. शासकीय भरतीसाठी परीक्षा शुल्काखेरीज कोणालाही एक पैसाही द्यावा लागत नाही, हे वाक्य प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर मोठ्या अक्षरांत लिहून ठेवावे.

मित्रहो, त्या वृद्ध गृहस्थांना मी पुढे भेटलो. “नातवाला त्या कुंपणाच्या आत कदाचित काम मिळणार नाही, पण कुंपणाच्या बाहेर वीस वर्षे पुरेल एवढे काम आहे, मात्र त्याने आणखी एक वर्ष शिकावे लागेल,” असे त्यांना सांगितले. त्यांनी थोडा वेळ विचार केला आणि विचारले, “मग तो दाखला कुठं मिळतो, ते तेवढं कागदावर लिहून द्या.” मी लिहून दिले. तो मुलगा सध्या तालुक्याच्या उपकेंद्रात शिकाऊ उमेदवार आहे.

असा कागद लिहून देणारा माणूस प्रत्येक गावाला मिळावा, एवढीच या भाषणामागील अपेक्षा. शासन योजना आखते, कंपन्या प्रकल्प उभारतात. परंतु गावातील मुलाचे नाव त्या कामापर्यंत नेण्याचे काम आपणांपैकीच कोणाला तरी करावे लागते.